बंदरावरचे पाच तास

अनोळखी बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वेळेचा. आगगाडीने जाणारा मनुष्य गावात मुक्काम करतो, विमानाने जाणारा हॉटेलात सामान टाकून चार दिवस हिंडतो. जहाजाच्या प्रवाशाला मात्र गाव उसने मिळते. सकाळी हाती येते आणि सूर्य कलण्याआधी परत करावे लागते. पाच तास, फार तर सहा. एवढ्या अवधीत गाव पाहायचे म्हणजे पाहायचे तरी काय?

पूर्वी हा प्रश्न आपल्या समाजात फक्त बोटीवर नोकरी करणाऱ्यांना पडत असे. आता दिवस पालटले आहेत. मुले कॅनडात किंवा आखातात स्थिरावतात आणि आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांना सागरी सहलीचे तिकीट काढून देतात. जन्मभर वाडीत राबलेले हे वडीलधारे दांपत्य मग आशीर्वाद घेण्यासाठी आमच्याकडे येते आणि जाता जाता हळूच विचारते, "फादर, बोट इतक्या बंदरांना लागणार म्हणतात. खाली उतरून करायचं तरी काय? की बोटीवरच बसून राहिलेलं बरं?"

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर आम्हांला वाटले होते तितके साधे नाही. काही वर्षांपूर्वी नाताळच्या दिवसांत एका प्रवासी जहाजावर मिस्सा अर्पण करण्यासाठी धर्मगुरू म्हणून जाण्याचा योग आम्हांला आला. त्या सफरीत दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचे कार्ताहेना हे बंदर लागले. तेथील अनुभवाच्या आधारे हे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करतो.

व्यवहाराच्या चार गोष्टी आधी सांगून टाकतो, कारण व्यवहार चुकला की चिंतनाला सवड राहत नाही. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ कधी कधी भिन्न असते. म्हणून मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणे लावावे आणि परतण्याची जी वेळ सांगितली असेल तिच्या तासभर आधी धक्क्यावर हजर व्हावे. जहाज कोणासाठी थांबत नाही. पारपत्राची एक प्रत आणि जहाजाचे ओळखपत्र खिशात असावे. दागिने कपाटात असावेत. विषुववृत्ताजवळच्या या बंदरांत दहानंतर ऊन असह्य होते. तेव्हा उतरायचे तर न्याहारी होताच उतरावे. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली आणि पायांत जुनी, सवयीची चप्पल हवी. कार्ताहेनात टॅक्सीला मीटर नसतो. गाडीत बसण्यापूर्वीच भाडे ठरवावे. बसल्यावर ठरवू पाहणाऱ्याची बाजू लंगडी पडते, हे काय आपल्या स्टेशनवरच्या रिक्षांमुळे आपणांस ठाऊक नाही? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दहा ठिकाणांची यादी करू नये. एक ठिकाण निवडावे, तेथे पायी हिंडावे आणि थोडा वेळ कोठे तरी बसावे. धावत पाहिलेली दहा स्थळे घरी पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळून जातात. बसून पाहिलेले एक स्थळ जन्मभर सोबत करते.

आता गावाकडे वळू. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ साली कार्ताहेनाची स्थापना केली. समुद्रातून येणारे जहाज बोकाचिका नावाच्या अरुंद मुखातून खाडीत शिरते. दोन्ही बाजूंना स्पॅनिशांनी बांधलेले जुने किल्ले पहारा देत उभे आहेत. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने १५८६ साली हे शहर लुटले, तेव्हापासून स्पॅनिशांनी तटबंदीचा ध्यास घेतला. पुढे १७४१ साली इंग्रज आरमार प्रचंड ताफा घेऊन चालून आले तेव्हा या तटबंदीने त्याला परतवून लावले. सुमारे अकरा किलोमीटरची ती तटबंदी, तो सान फेलिपे किल्ला आणि आतले जुने शहर यांना १९८४ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वसईचा किल्ला पाहून वाढलेल्या आम्हांला त्या काळवंडलेल्या दगडांत आणि त्यांच्या फटींतून उगवलेल्या रोपट्यांत परके काही दिसले नाही. फरक एवढाच की आमच्या किल्ल्यातील शहर उजाड झाले, कार्ताहेनाचे नांदते राहिले.

आपलेपणाच्या खुणा पुढेही भेटत राहिल्या. बंदराचा धक्का मांगा नावाच्या बेटावर आहे. तेथून जुन्या शहरापर्यंतच्या वाटेवर आंबा, नारळ, चिंच, केळी आणि पपई. दुपारच्या पानात तळलेली मासळी आणि नारळाच्या दुधात शिजवलेला, किंचित गोडसर भात. शहराच्या वेशीजवळ मिठाईवाल्यांची एक कमानदार ओळ आहे. तेथे काचेच्या बरण्यांत खोबऱ्याच्या वड्या आणि चिंचेच्या गोळ्या मांडलेल्या. नाताळच्या कुसवाराची आठवण होऊन क्षणभर घशात आवंढा आला. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा नारळ हा मूळचा हिंदी महासागराकडचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी तो तिकडे नेला. आंबाही आपल्याच बाजूचा. फळे समुद्र ओलांडून गेली, रुजली आणि तेथलीच झाली. माणसेही गेली. ती मात्र फळांसारखी गेली नाहीत.

मिठाईच्या त्या ओळीसमोर जो त्रिकोणी चौक आहे, घड्याळाच्या मनोऱ्यातून आत शिरताच जो लागतो, तेथे कधी काळी गुलामांचा बाजार भरत असे. आम्ही गेलो तेव्हा तेथे घोडागाड्या उभ्या होत्या. आज तेथे प्रवासी छायाचित्रे काढतात. डोक्यावर फळांच्या पाट्या घेतलेल्या, पिवळ्या-निळ्या-लाल घेरदार पोशाखातील कृष्णवर्णीय स्त्रिया हसून उभ्या राहतात. त्यांचे छायाचित्र घ्यायचे तर आधी विचारावे आणि पैसे द्यावेत. तो त्यांचा रोजगार आहे. या 'पालेंकेरा' स्त्रियांचे मूळ सान बासिलिओ दे पालेंके या गावी आहे. मालकांच्या हातून निसटलेल्या गुलामांनी रानात वसवलेले ते गाव. तेथे आजही स्पॅनिश आणि आफ्रिकी बांटू भाषा यांच्या मिश्रणातून घडलेली स्वतंत्र बोली बोलली जाते. २००५ साली युनेस्कोने त्या गावाच्या संस्कृतीचा गौरव केला. फळांची पाटी घेऊन हसणाऱ्या स्त्रीच्या मागे एवढा इतिहास उभा असतो. छायाचित्रात तो उतरत नाही.

त्या चौकापासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर संत पीटर क्लेव्हर यांचे चर्च आहे. आम्ही आमचे एक ठिकाण म्हणून तेच निवडले होते.

स्पेनमधील वेर्दू या गावी १५८० साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा येशूसंघात दाखल झाला. मायोर्का बेटावरील महाविद्यालयात शिकत असताना तेथल्या वृद्ध द्वारपालाशी, ब्रदर अल्फोन्स रॉड्रिग्ज यांच्याशी, त्याची मैत्री जडली. दारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे स्वागत करणाऱ्या त्या साध्या ब्रदरांनी त्याला सांगितले की तुझी गरज समुद्रापलीकडे आहे. १६१० साली पीटर क्लेव्हर जहाजात बसले आणि १६१६ साली कार्ताहेनातच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६२२ साली अंतिम व्रते घेताना त्यांनी आपल्या नावाखाली लॅटिन भाषेत लिहिले की मी आफ्रिकी लोकांचा सदैव गुलाम आहे. तो शब्द त्यांनी पुढची बत्तीस वर्षे पाळला.

त्या काळी स्पॅनिश अमेरिकेत गुलाम उतरवण्याचे कार्ताहेना हे प्रमुख बंदर होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेले जहाज दोन-दोन महिने समुद्रावर असे. तळघरात साखळदंडांनी जखडलेली माणसे. अंधार, घाण, आजार. कित्येक वाटेतच मरत; उरलेले धक्क्याला लागत तेव्हा आपल्याला कापून खाण्यासाठी आणले आहे अशी त्यांची समजूत असे. जहाज दिसल्याची वर्दी येताच फादर क्लेव्हर होडीत बसून त्याच्याकडे जात. सोबत दुभाषे असत आणि टोपल्यांत लिंबे, पाव, ब्रँडी, तंबाखू व औषधे. ते थेट तळघरात उतरत. मेलेल्यांना बाहेर काढत, आजाऱ्यांना पाणी पाजत, जखमा धूत, आपला झगा पांघरायला देत. हातांनी जे सांगायचे ते सांगून झाल्यावर मग तोंडाने देवाविषयी बोलत. अशा रीतीने तीन लाखांवर लोकांना त्यांनी स्नानसंस्कार दिला असे परंपरा सांगते.

आम्ही त्या मठाच्या अंगणात एका झाडाखाली बसलो. आत वेदीखाली काचेच्या पेटीत संतांचे अवशेष आहेत. वरच्या मजल्यावर त्यांची लहानशी खोली आहे. साथीच्या आजारातून उठल्यावर अखेरची चार वर्षे ते त्या खोलीत जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. ज्या नोकराकडे त्यांची शुश्रूषा सोपवली होती त्याने त्यांची हेळसांड केली. त्यांनी तक्रार केली नाही. ८ सप्टेंबर १६५४ रोजी, आपण ज्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो त्याच दिवशी, ते देवाघरी गेले. १८८८ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना संतपद दिले आणि त्याच सोहळ्यात मायोर्काच्या त्या वृद्ध द्वारपालालाही. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ साली येथे आले होते. पोप फ्रान्सिस यांनी १० सप्टेंबर २०१७ रोजी याच चर्चसमोर देवदूताची प्रार्थना म्हटली आणि त्या दिवशीची मिस्सा बंदराच्या आवारात अर्पण केली.

येथवरची कथा ऐकून आपले मन भरून येते. परंतु धर्मगुरूने अर्धीच कथा सांगू नये. ज्या दुभाष्यांच्या जोरावर फादर क्लेव्हर बोलत, ते स्वतः गुलाम होते. येशूसंघाच्या महाविद्यालयाने त्यांना विकत घेतले होते. फादर क्लेव्हरांनी गुलामांच्या जखमा धुतल्या. पण गुलामगिरी मोडा असे त्यांनी जाहीरपणे म्हटले नाही. ते ज्या १६१० साली आले त्याच साली त्या शहरात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. त्याचा वाडा आज संग्रहालय म्हणून चार पावलांवर उभा आहे. आमच्या गोव्यात ते न्यायासन त्याहून पन्नास वर्षे आधी, १५६० साली आले होते. एकाच क्रुसाच्या छायेत एका दारी जखमा बांधल्या जात होत्या आणि दुसऱ्या दारी माणसे जखडली जात होती. गुलामांच्या व्यापाराचा रोखठोक निषेध करणारे पोप ग्रेगरी सोळावे यांचे पत्र १८३९ साली निघाले आणि कोलंबियात गुलामगिरीचा शेवट १८५२ साल उजाडताच झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली आफ्रिकेच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजांत चढवले जात, तेथे उभे राहून या पापाची क्षमा मागितली.

मग संताला लहान समजायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या काळाला साखळ्या दिसतच नव्हत्या त्या काळात त्यांना साखळ्यांतील माणूस दिसला. त्यांना जे दिसले नाही ते पाहण्याचे काम त्यांनी पुढच्यांसाठी ठेवले. कोलंबियाने त्यांचा सण, ९ सप्टेंबर, हा मानवी हक्कांचा दिवस म्हणून १९८५ साली कायद्याने ठरवला. आम्हांला मात्र त्या अंगणात त्या दुभाष्यांचीच अधिक आठवण येत राहिली. संतपदासाठी चौकशी झाली तेव्हा त्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. फादर क्लेव्हरांविषयी आपण आज जे जाणतो त्यातील बरेचसे त्यांच्या तोंडचे आहे. संत शब्दांवाचून मुका राहिला असता. त्याला वाचा दिली ती या दासांनी. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही जपानात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे होते, हे येथे आठवावे. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर जाईपर्यंत ते एका लोकांचे मन दुसऱ्या लोकांना समजावून सांगत राहिले. एका माणसाचे दुःख दुसऱ्याच्या भाषेत नेणे हेही प्रेषितकार्यच होय.

आता जहाजावरच्या एका मुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. त्या जहाजाच्या धुलाईखान्यात आपल्याच भागातील एक तरुण कामाला होता. जहाजाच्या पोटात, जेथे खिडकी नसते, तेथे तो दिवसाचे दहा-अकरा तास चादरी इस्त्री करी. कार्ताहेनाला तो आमच्याआधी सहा वेळा येऊन गेला होता. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, आज सुट्टी आहे ना? चल आमच्याबरोबर संताच्या दर्शनाला." तो संकोचला. म्हणाला, "फादर, मला चारच तास मिळतात. आता दहा वाजतील. घरी रात्रीचे साडेआठ होतात. रोझरीची वेळ. मम्मी माझ्यासाठी थांबते."

धक्क्याच्या फाटकाजवळ सावलीत एक बाक होते. तेथे फोनची सोय चांगली मिळते म्हणून जहाजावरचे फिलिपिनो, इंडोनेशियन, गोवेकर सगळे तेथेच गर्दी करत. त्या बाकावर बसून त्याने फोन समोर धरला. पलीकडे आई, आजी, धाकटी बहीण आणि वेदीवरचा दिवा. पाचवे रहस्य त्याच्या वाट्याचे होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पोपटांच्या कलकलाटात, त्याने 'नमो मरिये' दहा वेळा म्हटले. सहा वेळा येऊनही त्याने कार्ताहेना पाहिले नव्हते, आणि पाहायला हवे होते असे आम्हांला त्या क्षणी म्हणवेना. त्याने आपले बंदर गाठले होते.

ज्यांची मुले बोटीवर आहेत अशा माता आमच्या धर्मग्रामात कमी नाहीत. मुलाने पाठवलेल्या पैशांतून घरावर मजला चढतो. तो मजला पाहायला मुलगा वर्षातून दोन महिने येतो. २०२० साली महामारीत जगभरातील सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले. बंदरे त्यांना उतरू देत नव्हती. आपल्याही घरांनी ते महिने कसे काढले ते आम्ही पाहिले आहे. दर्यावर्दींसाठी ख्रिस्तसभेची जी सेवा चालते, १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेली व आता 'स्टेला मारिस' या नावाने ओळखली जाणारी, तिचे स्वयंसेवक अनेक बंदरांवर जहाजांना भेटी देतात. घरी बोलण्याची सोय, एखादी जपमाळ, एखादी उबदार टोपी, दोन शब्द. फादर क्लेव्हरांच्या लिंबाच्या टोपलीचीच ती नवी पिढी. कोणा अनोळखी गावच्या अनोळखी माणसाने आपल्या मुलाला फाटकापाशी भेटून "कसा आहेस?" म्हणावे, अशी प्रार्थना त्या माता रोज करतात.

ती प्रार्थना ज्या घरांतून निघते त्याच घरांसमोरचे चित्र आता पाहावे. आमच्या भागातील रेल्वे स्थानकांवर रोज उत्तरेकडून, पूर्वेकडून गाड्या येतात आणि त्यांतून पोटासाठी घर सोडलेली तरुण मुले उतरतात. आपल्या इमारती तीच बांधतात, आपली गटारे तीच उपसतात. चाळीच्या खोलीत दहा-दहा जण झोपतात आणि रात्री भिंतीशी बसून आपल्या आईला फोन लावतात. आपण त्यांना कोणत्या शब्दाने संबोधतो? चर्चच्या आवारात मिस्सा सुटल्यावर जे बोलले जाते ते आम्ही ऐकतो. त्यांच्यामुळे गर्दी वाढली, पाणी पुरेनासे झाले, या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु आपल्या मुलासाठी कार्ताहेनाच्या फाटकावर जो माणूस असावा असे आपण म्हणतो, तो माणूस आपल्या स्टेशनबाहेर कोणी व्हायचे?

तेव्हा सहलीला निघालेल्या आमच्या वडीलधाऱ्या मित्रांना आम्ही आता असे सांगतो. बंदर लागले की जरूर उतरा. ऊन चढण्यापूर्वी उतरा, भाडे ठरवून घ्या, पाणी जवळ ठेवा. त्या गावचे चर्च शोधा आणि तेथे अर्धा तास शांत बसा. कोणत्याही देशात तेवढी एक जागा आपल्याला परकी नसते. बाजारात जा, तेथली माणसे काय खातात ते खाऊन पाहा. त्यांच्या भाषेतले 'नमस्कार', 'किती' आणि 'आभारी आहे' एवढे तीन शब्द शिकून घ्या आणि तिसरा सर्वांत जास्त वेळा वापरा. परतताना जहाजावर तुमची खोली झाडणाऱ्या मुलाला नावाने हाक मारा आणि त्याच्या आईची विचारपूस करा. बक्षिसीचे पाकीट द्याच. पण ते हातात देऊन दोन मिनिटे थांबा.

घरी परत आल्यावर स्टेशनाबाहेर रिक्षाची वाट पाहत उभे राहाल, तेव्हा पिशवी खांद्यावर टाकून, पत्त्याची चिठ्ठी हातात धरून गोंधळलेला कोणी तरुण शेजारी दिसेल. त्याला पत्ता समजावून सांगायला पाच तास लागणार नाहीत.